मतदानाचा हक्क नसताना अमेरिकन स्त्रियांनी गुलामगिरी रद्द करण्यात नेमकं काय केलं?

त्यांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, सह्यांचे ढीग पाठवले. अर्ज करण्याचा हक्क मताशिवायही होता. यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनने काढलेला १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा फक्त दक्षिणेतल्या बंडखोर प्रदेशांना लागू होता. केंटकी, डेलावेअरसारख्या, बंडात सामील न झालेल्या राज्यांतले गुलाम गुलामच राहिले. म्हणून मे १८६३ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी सगळ्या गुलामांच्या मुक्तीची मागणी करायला 'विमेन्स लॉयल नॅशनल लीग' ही संघटना काढली. दारोदार सह्या, खर्चासाठी प्रत्येक सहीमागे एक सेंट. आलेले कागद एकाला एक चिकटवून राज्यवार गुंडाळ्या केल्या जात. ९ फेब्रुवारी १८६४ ला पहिल्या १,००,००० सह्या दोन कृष्णवर्णीयांनी सिनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) उचलून आणल्या आणि सिनेटर चार्ल्स समनरने त्या सादर केल्या. त्यात ६५,६०१ सह्या स्त्रियांच्या! हा आकडा अभ्यासक्रमात असायलाच हवा. लक्ष्य दहा लाखांचं होतं, जमल्या सुमारे ४ लाख.

मात्र देशभरातली गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती केवळ सह्यांनी झाली असं म्हणू नका. सिनेटने ती एप्रिल १८६४ मध्ये मंजूर केली, पण प्रतिनिधीगृहात (कनिष्ठ सभागृहात) जूनमध्ये दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. तिथे ती लिंकन पुन्हा निवडून आल्यावर, ३१ जानेवारी १८६५ ला मंजूर झाली.