हरिकेननंतर जमैकातल्या भावाचा तीन दिवस फोन लागत नाही. काय करावं, धीर कसा धरावा?

तुम्ही लिहिलंय की भाऊ जमैकात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे, मेलिसा वादळाच्या आदल्या रात्री त्याचा शेवटचा मेसेज आला आणि आई देवासमोरून उठत नाहीये. तुमचा प्रश्न वाचून झोप लागेना, म्हणून रात्रीच लिहायला बसले.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता. मी लालबागला. सकाळी अकराच्या सुमारास अप्पांचा फोन आला, "वारा सुटलाय, पोफळी पार जमिनीला टेकतायत, ठेवतो गं." त्यानंतर चार दिवस त्यांचा आवाज ऐकला नाही.

मुंबईवरचा धोका त्या दिवशी टळला. संध्याकाळी टीव्हीवर तेच चाललं होतं. चाळीत लोक काचांवरच्या चिकटपट्ट्या काढत होते आणि मी गॅलरीत उभी राहून तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. लॉकडाऊन होतं, जिल्हा ओलांडायला पास लागायचा, त्यामुळे गाडी काढून निघायचीही सोय नव्हती.

पहिल्या रात्री "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे" असं ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी "स्विच्ड ऑफ" यायला लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला. नक्की काहीतरी झालं, असंच वाटलं. तुमचंही तेच झालंय, म्हणून हे आधी सांगते. टॉवरची वीज गेली की तो काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेल जनरेटरवर. डिझेल रस्त्याने यायचं आणि रस्त्यावर झाडं आडवी पडलेली. खांबांबरोबर केबलही तुटते. फोन बराच वेळ नेटवर्कला दिसला नाही, तर कंपनीची यंत्रणा तो बंद आहे असंच धरते आणि तसा निरोप ऐकवते. शिवाय रेंज शोधून शोधून फोनची बॅटरीही लवकर उतरते. त्या निरोपावरून माणसाबद्दल काहीच कळत नाही. तुमच्याकडचं वादळ आमच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, ते मी नाकारत नाही. पण फोन न लागण्याचं कारण तिथेही बहुतेक हेच असणार.

मी दोन दिवस फक्त अप्पांचाच नंबर लावत बसले, ही माझी चूक. बातमी आली ती भलतीकडूनच. कोकणातल्या बहुतेक गावांचं असतं तसं आमच्याही गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. ५ तारखेला संध्याकाळी शेजारच्या वाडीतला एक मुलगा रेंज शोधत म्हसळ्याच्या बाजूचा डोंगर चढला. वहीच्या पानावर त्याने घरं लिहून नेली होती. त्याने मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावून एकेक नाव वाचलं आणि त्यांनी ते रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. "बरी आहेत." "पत्रे गेले, माणसं बरी." "माड पडला पडवीवर, म्हातारीला खरचटलंय." आमचं नाव बरंच खाली होतं. "दोघं बरी आहेत, वाडी आडवी झाली." पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, त्या वाडीत अप्पांचं सगळं आयुष्य गेलं होतं. पण त्या क्षणी मला फक्त "दोघं बरी आहेत" एवढंच ऐकू आलं. मी ते रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं, मोजलं नाही.

म्हणून तुम्ही भावाला शोधण्यापेक्षा त्याच्या आसपासचं कोणीही शोधा. त्याच्याबरोबर गेलेली मुलं, त्यांच्या घरचे, त्याला तिथे पाठवणारा एजंट, हॉटेलचं दुसऱ्या देशातलं ऑफिस. एकाला रेंज मिळाली की दहा जणांची खबर येते. किंग्स्टनला भारतीय उच्चायुक्तालय आहे. त्यांना एकाच ईमेलमध्ये त्याचं पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, हॉटेलचं नाव-गाव, शेवटचा मेसेज कधी आला ते आणि तुमचा नंबर पाठवा. रेडक्रॉसही संकटात ताटातूट झालेल्या कुटुंबांचा शोध घेते, तिथेही नोंद करा. जमैका आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. बातमी यायची शक्यता आपल्या संध्याकाळी आणि रात्री जास्त, तेव्हा जागं राहायला पाळी लावा. आईला दुपारी झोपवा. मी तीन रात्री एकटीच जागले आणि चौथ्या दिवशी चुलीपाशी चक्कर येऊन पडले.

व्हॉट्सअ‍ॅपबरोबर साधा एसएमएसही पाठवा. कंपनीकडे तो काही काळ साठून राहतो, फोन नेटवर्कवर आला की पोचतो.

आणि फोन आलाच तर काय विचारायचं ते आत्ताच कागदावर लिहून ठेवा. रविवारी, ७ तारखेला, अप्पांनी कोणाच्या तरी फोनवरून लावला. बॅटरी संपत आलेली, मिनिटभरही बोलणं झालं नाही. माझ्याकडे चार प्रश्न लिहिलेले होते: झोपता कुठे, प्यायचं पाणी आहे का, आईच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात, परत कोणाच्या नंबरवर लावू. पण मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बाय, तुम्ही सगळी बरी ना? वादळ मुंबईवर जाणार म्हणून रेडिओवर सांगत होते. आई चार दिवस जेवली नाही नीट."

मुंबईत वादळ आलंच नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही इकडे त्यांची वाट पाहत होतो आणि ती दोघं तिकडे फुटक्या कौलांखाली आमची.

भावालाही तुमची आणि आईची काळजी लागली असेल. आत्ताच त्याला एसएमएस करा, की घरी सगळे बरे आहेत. काय लिहायचं ते आईला विचारा, ती सांगेल तसंच लिहा.