कंपासपेटीतली दुसरी रेघ

सोमवारी ओपीडीची गर्दी ओसरता ओसरता तो आला. माझ्या खोलीवर 'आयसीटीसी' अशी पाटी आहे, म्हणजे एचआयव्हीबद्दल सल्ला देणारं आणि टेस्ट करणारं केंद्र. ती वाचून माणसं आधी पुढे निघून जातात, पाण्याच्या कूलरपर्यंत जाऊन परत येतात. यानं अशा तीन फेऱ्या मारल्या. आत आला तरी बसला नाही. सॅकमधून कंपासपेटी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, हे बघा आणि खरं काय ते सांगा."

पेटीत एक गुण्या, मोडका कर्कटक आणि टिश्यूपेपरात गुंडाळलेली पांढरी प्लॅस्टिकची पट्टी. एचआयव्हीच्या रॅपिड टेस्टची. 'सी'समोर ठसठशीत गुलाबी रेघ. 'टी'समोर राखाडी सावली, तीही पट्टी खिडकीकडे तिरकी धरली तरच दिसणारी.

वय वीस, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, घर लांब, राहणं कॉलेजच्या होस्टेलवर. याहून जास्त सांगत नाही, आणि सांगितलंय त्यातलंही थोडं बदललंय.

"स्वतः केलेली टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर ती खरी धरायची का?" हा प्रश्न हल्ली कॉलेजच्या मुलांकडून बराच येतो, पट्टीच्या फोटोसकट. ही पिढी कोविडमध्ये घरच्या घरी टेस्ट करायला शिकली. मे 2021 मध्ये आयसीएमआरनं पुण्याच्या मायलॅबच्या कोविसेल्फ किटला मंजुरी दिली, अडीचशे रुपयांत नाकात काडी फिरवून पंधरा मिनिटांत निकाल. दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह, एवढं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याच किटच्या कागदावर वीस मिनिटांनंतरचा निकाल धरू नका असंही लिहिलेलं होतं. ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मी त्याला रेघेबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "कधीची गोष्ट आहे?"

तो गप्प. मग खाली बघत म्हणाला, "शनिवारची. म्हणजे परवाचा नाही, त्याच्या आधीचा."

कॉलेजचं गॅदरिंग, नंतर कुणाच्या तरी फ्लॅटवर पार्टी, आणि कंडोम नव्हता. रविवारी सकाळपासून पोटात गोळा. मोबाइलवर शोधाशोध करून दुपारी किट मागवलं. होस्टेलचे रेक्टर पार्सल उघडून बघतात म्हणून पत्ता दिला कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याचा. किट बुधवारी आलं. रात्री दोन वाजता, सगळे झोपल्यावर, बाथरूमच्या चाळीस वॅटच्या पिवळ्या दिव्याखाली यानं बोट टोचलं. रक्त वर सरकेना म्हणून द्रावणाचे दोन थेंब जास्तीचे टाकले. पंधरा मिनिटांनी एकच रेघ. सुटलो म्हणून पट्टी बादलीमागे लपवली आणि झोपायला गेला. सकाळी पट्टी फेकायला गेला, तर दुसरी रेघ हजर.

मग चार दिवस तो, ती पट्टी आणि गुगल. घसा दुखतोय, म्हणजे झालंच. काखेत गाठ लागतेय, म्हणजे झालंच. जेवण बंद, लेक्चर बंद. शेवटी रूममेटनं खडसावल्यावर त्याला सांगितलं आणि त्यानंच इथपर्यंत आणलं. रूममेट बाहेर बाकावर बसला होता, मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करत.

किटचं खोकं मी त्याच्याकडून मागून घेतलं. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे किट प्रशिक्षित व्यक्तीनंच वापरायचं आहे. म्हणजे ते घरी वापरायचं किट नव्हतंच, ऑनलाइन मिळालं म्हणून यानं घेतलं. पट्टी किती मिनिटांत वाचायची तेही आतल्या कागदावर होतं. वेळ उलटून गेल्यावर पट्टी वाळत जाते आणि तिथे असली रंगहीन सावली पडू शकते. त्यात द्रावण जास्त झालेलं. त्यामुळे सकाळच्या रेघेला काही अर्थ नव्हता.

हे सांगितल्यावर त्याचे खांदे एकदम खाली आले. पण पुढचं सांगणं भाग होतं. "रात्रीच्या त्या एका रेघेलाही अर्थ नव्हता," मी म्हटलं.

या किटमध्ये विषाणू दिसत नाही. विषाणू शिरल्यावर शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती दिसतात, आणि ती पकडता येण्याइतकी व्हायला काही आठवडे लागतात. आम्ही पक्क्या निगेटिव्हसाठी तीन महिने धरतो. चौथ्या दिवशी केलेली टेस्ट म्हणजे पेपर दिल्यावर दुसऱ्याच दिवशी रिझल्टच्या वेबसाइटवर जाऊन बसणं. हे उदाहरण इंजिनिअरिंगवाल्यांना लगेच पटतं.

आता मला खरी टोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. अशा प्रसंगानंतर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलं, तर धोका किती ते पाहून ते पीईपीची, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून नंतर घ्यायची औषधं सुरू करू शकतात. 28 दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. जितक्या लवकर सुरू होतील तितक्या बऱ्या, 72 तासांनंतर उपयोग नाही. याचे 72 तास मंगळवारी रात्री संपले. त्या वेळी किट कुरिअरच्या गाडीत होतं आणि हा त्याचं ट्रॅकिंग बघत बसला होता.

हे त्याला सांगायचं की नाही, यावर मी क्षणभर अडले. गेलेल्या वेळेचं ओझं आणखी कशाला द्यायचं? पण सांगितलं. माझ्याकडून नसतं कळलं तर दोन दिवसांनी मोबाइलवर कळलंच असतं, तेही मध्यरात्री एकट्याला. तो म्हणाला, "कॉलेजात कोणी बोललंच नाही हे."

खरं आहे. आमच्याकडे कॉलेजांत एड्सबद्दल जागृती करणारे रेड रिबन क्लब असतात. 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, रॅली, रांगोळी, पोस्टर स्पर्धा. मी स्वतः कितीतरी भाषणं केली आहेत. एचआयव्ही कशानं पसरतो, कशानं नाही, हे मुलांना पाठ होतं. पण 'चूक होऊन गेली, आता आज रात्री काय करायचं?' याचं उत्तर माझ्याही भाषणात नव्हतं. आता मी सुरुवातच तिथून करते, समोर बसलेल्या प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी.

मग मी संमतीचा फॉर्म पुढे केला. त्यानं विचारलं, "नाव कॉलेजला कळेल? प्लेसमेंटच्या मेडिकलमध्ये?" नाही. 2017 चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. टेस्टला तुझी संमती लागते, निकाल गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, आणि नोकरी किंवा शिक्षणासाठी एचआयव्हीची टेस्ट ही अट घालता येत नाही. इथे टेस्ट फुकट होते. पहिल्या किटवर रिअॅक्टिव्ह, म्हणजे दुसरी रेघ, आलंच तर त्यावर आम्ही थांबत नाही, आणखी दोन वेगळी किटं लावतो आणि तिन्ही जुळल्याशिवाय कोणाला पॉझिटिव्ह म्हणत नाही. घरच्या पट्टीवर दुसरी रेघ खरोखर आली तरी तिचा अर्थ 'आता नीट तपासून घे' एवढाच. आणि समजा पॉझिटिव्ह निघालाच, तर एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत आहेत. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जातही नाही.

मी घरच्या टेस्टच्या विरोधात आहे असं कोणाला वाटू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्येच एचआयव्हीच्या स्व-चाचणीची शिफारस केली आहे. माझ्या पाटीसमोरून तीन फेऱ्या मारून परत न येणारे कितीतरी असतील, त्यांच्यासाठी ती सोयच आहे. फक्त किट त्या कामासाठीच बनवलेलं हवं, आणि कॅलेंडर बघून वापरायला हवं.

रक्त देऊन आल्यावर अचानक आठवलं म्हणून विचारलं, "बोट टोचलेली सुई कुठे टाकलीस?"

"बाथरूमच्या डब्यात."

तो डबा रोज सकाळी एक मावशी हातानं रिकामा करतात. यानं त्यांचा विचार केलेला नव्हता. खरं तर कोणीच करत नाही. त्याचा चेहरा पडला. सुई केव्हाच गेली होती. मी त्याला एवढंच सांगितलं की पुन्हा कधी वेळ आली, तर जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून घट्ट झाकण लाव आणि इकडे आणून दे, आमच्याकडे सुयांसाठी पांढरा डबा आहे.

त्या दिवशीचा रिपोर्ट नॉन-रिअॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह आला. नवव्या दिवशी दुसरं काही येण्याची शक्यता कमीच होती. तरी आधीपासून काही नाही, एवढं त्यातून कळलं. सिफिलिसचीही टेस्ट केली, हिपॅटायटिस बीच्या लशीबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगितलं. सहा आठवड्यांनी ये, मग तीन महिन्यांनी. तोवर कंडोम, आणि रक्तदान शिबिरात हौसेनं हात पुढे करायचा नाही. रूममेटला आत बोलावून तारखा त्याच्याही मोबाइलमध्ये टाकून घेतल्या, अर्थात याला विचारूनच.

सहा आठवड्यांनी आला तेव्हा वजन दोन किलोनं वाढलं होतं, तेव्हाही नॉन-रिअॅक्टिव्ह. तीन महिन्यांनीही नॉन-रिअॅक्टिव्ह. कागद हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता. मला वाटलं, आता रडेल. पण त्यानं कागद घडी करून त्याच कंपासपेटीत ठेवला आणि दाराकडे बघत हळूच म्हणाला, "मॅडम, बाहेर एक जण बसलाय. वरच्या मजल्यावरचा आहे. किट मागवत होता, मी म्हटलं आधी इकडे चल."

"कधीची गोष्ट आहे त्याची?"

"काल रात्रीची."

मी घड्याळ बघितलं. सव्वाबारा झाले होते. ओपीडी दीडला बंद होते.