टूरिंग मोटारसायकलमागे छोटा ट्रेलर जोडून लांबचा प्रवास करावा का?

तुम्ही विचारलंय की बाईक मोठी आहे, मागे बायको बसते, दोन्ही पॅनियर (बाजूच्या पेट्या) आणि टॉप बॉक्स भरूनही तंबू आणि स्वयंपाकाचं सामान उरतंच. तर दोन चाकांचा छोटा ट्रेलर लावला तर इंजिनाला तो ओढवेल का, आणि वळणावर तो बाईक पाडेल का.

ओढवेल, आणि नीट जोडला तर पाडणारही नाही. पण या दोन प्रश्नांत अडकू नका. शंभर किलोचा ट्रेलर सपाट जमिनीवर एक माणूस हाताने ढकलत नेतो. होंडा गोल्ड विंगसारख्या मोठ्या टूरिंग बाईकच्या १८३३ सीसीच्या इंजिनाला त्याचं काय! मी ट्रेलर जोडून बराच फिरलोय आणि अजूनही जोडतो. खरी परीक्षा ब्रेक दाबल्यावर होते आणि ती पास व्हायची की नाही हे तुम्ही सामान कसं भरलंत यावर ठरतं.

आधी थांबण्याचा हिशोब करू. समजा बाईक ३८० किलोची, तुम्ही दोघं आणि बॅगा मिळून १७०, म्हणजे ५५० किलो. त्यात ११० किलोचा भरलेला ट्रेलर आला की झाले ६६०. या आकाराच्या ट्रेलरला सहसा स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे सगळं वजन बाईकच्याच दोन टायरांनी थांबवायचं. टायरांची पकड आहे तेवढीच, वजन मात्र वीस टक्क्यांनी वाढलं. जोरात ब्रेक दाबून जिथे ४० मीटरमध्ये थांबत होतात तिथे आता ४८ लागतील. हे आठ मीटर पुढच्या गाडीच्या डिकीत जायला पुरेसे आहेत. म्हणून अंतर दुप्पट ठेवा, आणि वळणाच्या आत ब्रेक लावायची सवय असेल तर ती सोडा. बाईक कललेली असताना ब्रेक लावला की ट्रेलर सरळ पुढे ढकलतो, बाईक मात्र वळलेली असते. तो धक्का मागच्या चाकाला बाहेर सारतो. वेग वळणाआधीच उतरवायचा, आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहायचं.

आता हिचवरचं, म्हणजे बाईकच्या मागे ट्रेलर अडकवायला गोळा असलेला जो जोड लावतात त्याच्यावरचं वजन. यावर जरा लांबण लावतो, कारण ट्रेलरच्या बहुतेक तक्रारी इथेच सुरू होतात. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या दांड्यातून हिचच्या गोळ्यावर यायला हवं. शंभर किलोचा ट्रेलर असेल तर दहा ते पंधरा किलो. मोजायला घरातला वजनकाटा चालतो: सपाट जागी ट्रेलर उभा करा, काट्यावर ठोकळे रचून दांड्याचं टोक बरोबर हिचच्या उंचीला टेकवा, ठोकळ्यांचं वजन वजा करा. अंदाजाने दांडा उचलून ‘बरोबर वाटतंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका, काटा वापरा. आणि मोजायचं ते रिकाम्या ट्रेलरचं नाही, सामान भरल्यावरचं.

हे वजन कमी पडलं, म्हणजे जड सामान मागे गेलं, की ट्रेलर डावीकडे-उजवीकडे शेपूट हलवायला लागतो. कमी वेगात हे हेलकावे आपोआप विरतात. वेग वाढतो तसे ते विरायला जास्त वेळ घेतात, आणि एका वेगानंतर विरण्याऐवजी प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो वेग कोणता हे दांड्याची लांबी आणि भरण्याची पद्धत ठरवते. लांब दांडा शांत असतो, आखूड दांडा चंचल. जड वस्तू तळाशी, ॲक्सलच्या (ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या) किंचित पुढे ठेवा. अर्धं ओझं अगदी पुढच्या टोकाला आणि अर्धं अगदी मागच्या टोकाला ठेवून काट्यावरचा आकडा बरोबर आणता येतो, पण तसं करू नका: टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा हलायला लागला की लवकर थांबत नाही. पाण्याचे कॅन, स्टोव्ह, हत्यारं मध्यभागी. झोपायच्या पिशव्या आणि कपडे कडेला आणि वर.

हेलकावे सुरू झालेच तर हँडल घट्ट आवळू नका, त्याच्याशी झुंजू नका. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, वेग वाढवून ‘ओढून सरळ करू’ हेही नाही. थ्रॉटल हळूहळू सोडा, बाईक सरळ ठेवा, वेग उतरू द्या. मग थांबून सामान पुन्हा रचा. रचना तीच ठेवून नुसतं हळू चालवण्यात अर्थ नाही. पुढच्या उतारावर किंवा ट्रकच्या झोताने ते पुन्हा सुरू होईल.

हिचवर जास्त वजन टाकणंही बरं नाही. गोळा मागच्या चाकाच्या आसापासून साधारण ६० सेंटीमीटर मागे असतो आणि दोन चाकांमधलं अंतर साधारण १.७ मीटर. त्या तरफेमुळे गोळ्यावरचे १५ किलो मागच्या चाकावर वीस होतात आणि पुढच्या चाकावरून पाचेक किलो उचलले जातात. तुमच्या मागे आधीच बायको आणि टॉप बॉक्स आहे, म्हणजे पुढचं चाक तसंच हलकं झालेलं. बाईकच्या पुस्तकात जास्तीत जास्त भार दिलेला असतो. त्यात हे १५ किलो धरा. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवा, टायरमध्ये दोन माणसांच्या भाराला सांगितलेली हवा ठेवा. टॉप बॉक्समधलं जड सामान ट्रेलरमध्ये हलवलंत तर बाईक उलट जास्त सुखावते. ट्रेलरचा हा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही.

वळणावर पाडेल का, याचं उत्तर कपलरमध्ये, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या गोळ्यावर बसणाऱ्या जोडात आहे. दोन चाकांचा ट्रेलर कलत नाही, बाईक कलते. गोळ्यावर बसलेला साधा कपलर थोडं कलणं सहन करतो, मग अडतो. म्हणून दांडा आणि कपलर यांच्यामध्ये गोल फिरणारा जोड हवाच. तो असेल तर बाईक हवी तेवढी कलते आणि एखादे वेळी उभ्या उभ्या आडवी झाली तरी ट्रेलर आपल्या चाकांवर उभा राहतो. विकत घेताना हा जोड हाताने फिरवून पाहा. खेळ असलेला, खडखडणारा जोड नको. एका चाकाचे ट्रेलर बाईकबरोबरच कलतात, अरुंद असतात, चालवायला मजा येते, पण त्यांचा बराच भार बाईकवर येतो आणि सामान कमी मावतं. तंबूसकट दोघांच्या सामानाला मी दोन चाकीच सांगेन. सुरक्षा साखळ्या दोन, दांड्याखाली फुलीसारख्या टाकलेल्या. पूर्ण वळणाला पुरतील इतक्या ढिल्या, पण रस्त्याला घासणार नाहीत इतपतच.

आता रोजच्या चालवण्यातली गोष्ट. तुम्ही खड्डा चुकवता, ट्रेलर चुकवत नाही. बाईक मधोमध धावते, ट्रेलरची चाकं दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर, म्हणजे रस्त्यावर तीन चाकोऱ्या. खड्डा दोन चाकोऱ्यांच्या मधून काढायला शिकावं लागतं, किंवा सरळ हळू व्हायचं. शिवाय वळताना ट्रेलर तुमच्यापेक्षा आतून जातो. पेट्रोल पंपाच्या कठड्यांना आणि वळणाच्या दगडांना हे पक्कं ठाऊक असतं.

चाकं जितकी लहान तितकं बेअरिंगचं काम जास्त. आठ इंची रिमचं चाक टायरसकट साधारण ४१ सेंटीमीटर व्यासाचं भरतं. ताशी १०० किलोमीटरला ते मिनिटाला जवळजवळ १३०० फेरे घेतं. बारा इंची रिमला हजाराच्या आसपास. निवड असेल तर बारा इंची घ्या. प्रत्येक थांब्यावर हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघा: कोमट चालेल, हात टिकत नसेल तर पुढे जाऊ नका. टायरच्या कडेवर वेगाचं अक्षर असतं. ‘जे’ (J) म्हणजे ताशी १०० किलोमीटर, ‘एल’ (L) म्हणजे १२०, ‘एम’ (M) म्हणजे १३०. ट्रेलरच्या टायरवर ‘जे’ असेल तर बाईक कितीही पळणारी असो, तुमची मर्यादा १००.

दिव्यांसाठी बाईकच्या टेल लॅम्पच्या वायरी कापून जोडू नका. नव्या बाईकच्या इलेक्ट्रॉनिक्सला जादा भार कळतो आणि ती बिघाड दाखवते. बॅटरीवरून वेगळा वीजपुरवठा घेणारं रिले मॉड्यूल लावा, दिवे एलईडी घ्या.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, पण आधी करायचा. होंडा आणि हार्ली-डेव्हिडसन दोघांचीही पुस्तकं ट्रेलर ओढू नका असंच सांगतात, म्हणजे हिच बाहेरच्या कंपनीची आणि जबाबदारी तुमची. विमा कंपनीकडून लेखी घ्या. देशोदेशी नियम फार वेगळे आहेत: ब्रिटनमध्ये १२५ सीसीच्या वरची बाईक लागते, ट्रेलरची रुंदी एक मीटरच्या आत, भरलेलं वजन १५० किलो किंवा बाईकच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यातलं जे कमी ते. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारसायकलला ऑटोबानवरसुद्धा ताशी ६० ची मर्यादा आहे. कायदा काहीही म्हणो, बाईकच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे मी स्वतः जात नाही.

बायकोला बसवण्याआधी एकट्याने मोकळ्या मैदानात जा. आधी रिकामा ट्रेलर, मग भरलेला. ब्रेक लावून बघा, आठचा आकडा काढून बघा, चढावर क्लच न जाळता सुटता येतंय का बघा. मागे घेण्याचा सरावही करा, म्हणजे तो किती लवकर दुमडतो ते कळेल आणि मग तुम्ही नाक भिंतीकडे करून गाडी लावणार नाही. अडकलातच तर ट्रेलर सोडा, हाताने फिरवा, पुन्हा जोडा. उतारावर साइड स्टँडवर लावताना बाईक पहिल्या गिअरमध्ये ठेवा, नाहीतर मागचं वजन तिला स्टँडवरून पुढे ढकलतं. आणि निघताना कपलरची खिटी लागलीय का ते दरवेळी दांडा वर उचलून तपासा. नुसतं बघून कळत नाही.