वाचकांचे प्रश्न : पोलिसांच्या हाती स्टन गन

प्रश्न : आमच्या गल्लीतला मानसिक आजार असलेला एक तरुण कोयता घेऊन रस्त्यावर आला. पोलिसांनी त्याला काठ्यांनी मारून ताब्यात घेतले, त्यात त्याचा हात मोडला. अशा वेळी स्टन गन वापरलेली बरी नव्हे का? तिच्या वापराला काही नियम आहेत का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : लांबून चालणाऱ्या स्टन गनमधून, जिला सर्रास टेझर म्हटले जाते, बारीक तारांना जोडलेले दोन काटे सुटतात. ते अंगात रुतले की विजेच्या धक्क्यांनी स्नायू आखडतात आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. प्रचलित बनावटींत एकदा चाप ओढला की झटका साधारण 5 सेकंद चालतो. कोयता उगारलेल्या माणसाला काही पावलांवरून रोखायचे असेल, तर गोळीपेक्षा आणि पुष्कळदा काठीपेक्षाही यातून कमी इजा होते, हे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे स्टन गनसाठी स्वतंत्र कायदा नाही, पण म्हणून पोलिसांना रान मोकळे आहे असेही नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43 अटकेला बळाने विरोध करणाऱ्याविरुद्ध आवश्यक ते सर्व उपाय योजू देते. मात्र ज्याच्यावर मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, हेही तेच कलम बजावते. कलम 46 नुसार, अटक झालेला माणूस पळून जाऊ नये यासाठी जेवढे लागते त्याहून अधिक बंधन त्याच्यावर घालता येत नाही. ही दोन्ही कलमे एकत्र वाचली, तर कोयता हातात आहे आणि कोणाच्या तरी जिवाला धोका आहे तोवर झटक्याचे समर्थन करता येईल. कोयता खाली पडून हात जखडले गेल्यावर दिलेल्या झटक्याचे मात्र कोणतेही समर्थन उरत नाही.

काही ठिकाणी तर धोका असूनही हे हत्यार बाहेर काढू नये. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर अंगावर रॉकेल ओतून घेणारा आंदोलक आपल्याला नवा नाही. त्याच्यावर स्टन गन चालवली तर तिच्या ठिणगीनेच भडका उडू शकतो. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे 2013 साली अंगावर पेट्रोल ओतून घेतलेल्या माणसावर टेझर वापरल्यावर आग लागली आणि पुढे तो दगावला. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कठड्यावर चढलेल्या माणसाबाबतही तेच : स्नायू आखडलेला माणूस पडताना स्वतःला सावरू शकत नाही, डोके वाचवू शकत नाही आणि खाली नदी असेल तर पोहूही शकत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांच्याबाबत परदेशी पोलीस दलांच्या नियमावल्या विशेष सावधगिरी सांगतात. अमेरिकेतील 2011 च्या एका मार्गदर्शिकेने एकूण 15 सेकंदांपुढील झटक्यांत गंभीर इजेचा किंवा मृत्यूचा धोका वाढू शकतो, असा इशारा दिला आहे.

मला खरी धास्ती वाटते ती रस्त्यावरच्या वापराची नव्हे, तर कोठडीतल्या. हेच यंत्र काटे न सोडता थेट अंगाला टेकवूनही चालवता येते. तसे केल्याने स्नायू फारसे आखडत नाहीत, नुसत्या वेदना होतात, आणि मागे उरतात त्या खुणा काठीच्या वळांइतक्या ठळक नसतात. कबुलीसाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत, आणि दुखापत गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद आहे. सांगलीतच 2017 साली कोठडीतील मृत्यूबद्दल पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला होता, हे येथले वाचक विसरले नसतील. म्हणून ही यंत्रे ठाण्यांना द्यायचीच असतील, तर हत्यार नुसते रोखले तरी त्याची स्टेशन डायरीत नोंद व्हावी, आणि चाप कधी व किती सेकंद ओढला याची जी नोंद आधुनिक यंत्रात आपोआप राहते, ती वरिष्ठांनी तपासावी, असे माझे मत आहे.

तुमच्या गल्लीतल्या तरुणासाठी आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 100 नुसार अशा व्यक्तीला संरक्षणाखाली घेतल्यावर पोलिसांनी 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेले पाहिजे, आणि तिला कोठडीत डांबता येत नाही.

प्रश्न : अटकेत विजेचा झटका दिला गेला, तर तक्रार कुठे करावी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : प्रथम पुरावा सांभाळा. सुरक्षा संहितेच्या कलम 53 नुसार अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्यास किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीस मिळाली पाहिजे. काट्यांच्या किंवा भाजल्याच्या जोडखुणा कुठे आहेत आणि त्यांच्यात किती अंतर आहे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाईल, तेव्हा हे तोंडी का होईना, पण स्पष्ट सांगा. त्यानंतर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अथवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे लेखी तक्रार करता येते. आयोगाकडे मात्र ती घटनेपासून एक वर्षाच्या आत पोहोचली पाहिजे.