गूगल शीटमधलं ऑनएडिट कधी चालतं, कधी नाही. ॲप्स स्क्रिप्ट सोडून पायथन धरावं का?

तुम्ही लिहिलंय, ‘ऑनएडिट मनाला येईल तसं चालतं.’ हेच वाक्य ऐकून कान किटलेत, म्हणून लिहितोय. ऑनएडिट म्हणजे ॲप्स स्क्रिप्टमधलं (शीटला कोड जोडायची गूगलची सोय) सेल बदलला की आपोआप धावणारं फंक्शन. माणसाने हाताने सेल बदलला तर ते चालतं. फॉर्म्युल्याने बदललेला आकडा, इंपोर्टरेंजने दुसऱ्या शीटमधून ओढलेला डेटा, फॉर्ममधून आलेली ओळ, दुसऱ्या स्क्रिप्टने सेटव्हॅल्यूने लिहिलेला मजकूर, यातलं काहीच त्याच्या लेखी एडिट नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीची हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातूचा घाणा) नोंदवायची शीट घ्या. एफ रकान्यात ‘पास’ आलं की जी रकान्यात वेळ पडायची आणि डिस्पॅचला मेल जायचा. भट्टीवरचा सुपरवायझर एकेक हीट टाइप करायचा, वेळ बिनचूक पडायची. लॅबमधून १२ हीटचे निकाल एकदम पेस्ट झाले की एकाही ओळीत वेळ नाही. खापर फुटलं नेटवर! खरं कारण असं की एकाहून जास्त सेल एकदम बदलले की ई.व्हॅल्यू (ऑनएडिटला मिळणारी सेलची नवी किंमत) अनडिफाइन्ड, म्हणजे रिकामी येते. ई.रेंज, म्हणजे बदललेला सेलचा पट्टा, मात्र मिळते. तिच्यावर गेटव्हॅल्यूज चालवून सगळ्या किमती घ्या आणि ओळीओळीने तपासा.

एवढं करूनही ती शीट चालली नाही. पेस्ट सी रकान्यापासून सुरू होत होती, त्यामुळे गेटकॉलम (पट्ट्याच्या पहिल्या रकान्याचा क्रमांक) ३ देत होतं आणि कोडमधली अट होती ‘गेटकॉलम बरोबर ६’. अट अशी हवी: गेटकॉलम ६ किंवा कमी, आणि गेटलास्टकॉलम (शेवटच्या रकान्याचा क्रमांक) ६ किंवा जास्त. ‘पास’ऐवजी चेकबॉक्स ठेवलात तर ई.व्हॅल्यूत ‘ट्रू’ हा मजकूर येतो, बुलियन (कोडमधलं खरं-खोटं मूल्य) नव्हे. तीन बरोबरच्या चिन्हांनी बुलियनशी ताडलंत तर जन्मात जुळणार नाही.

मेलची गोष्ट वेगळी. ऑनएडिट हे नुसतं नाव दिलेलं फंक्शन साधा ट्रिगर (कोड आपोआप सुरू करणारी कळ) असतो. परवानगी लागणारी कुठलीही सेवा त्याला वापरता येत नाही, मेल पाठवणारं मेलॲप त्यातच आलं. तो ३० सेकंदांत संपावा लागतो. मेलची चूक शीटवर दिसत नाही, ती ॲप्स स्क्रिप्टमधल्या एक्झिक्युशन्सच्या (कोड कधी धावला त्याच्या नोंदींच्या) पानावर लाल होऊन पडलेली असते. तिथे आधी बघा, मग कोडला हात लावा.

उपाय म्हणजे इन्स्टॉलेबल ट्रिगर, म्हणजे परवानगी देऊन स्वतः बसवलेला ट्रिगर. फंक्शनचं नाव मात्र बदला, उदाहरणार्थ ‘हीटतपासा’. ऑनएडिट हेच नाव ठेवून त्यावर ट्रिगर बसवलात तर प्रत्येक बदलाला ते दोनदा धावतं, एकदा साधं म्हणून आणि एकदा बसवलेलं म्हणून. ट्रिगर बसवणारं फंक्शन एकाच खात्यातून चालवा. तिघांनी चालवलं तर तीन मेल जातात, आणि ट्रिगरची यादी देणारं गेटप्रोजेक्टट्रिगर्स फक्त ज्याचे त्यालाच दाखवतं. दुसऱ्याचा ट्रिगर तुम्हाला दिसतही नाही, काढताही येत नाही.

आता ‘स्लीप (कोड काही सेकंद थांबवणं) घाल, चालेल’ म्हणणाऱ्यांबद्दल. भावा, जो इव्हेंट आलाच नाही तो पाच सेकंद थांबून कुठून येणार? त्या स्लीपने ३० सेकंदांतले पाच मात्र खाल्ले. दोघं एकाच वेळी लिहीत असतील आणि स्क्रिप्ट गेटलास्टरोच्या (शेवटच्या भरलेल्या ओळीच्या) पुढच्या ओळीत नोंद करत असेल, तर एकाची नोंद दुसऱ्यावर बसू शकते. तिथे स्लीप नको, लॉकसर्व्हिस (एका वेळी एकालाच लिहू देणारं कुलूप) हवी: कुलूप मिळवायला ट्रायलॉक १०,००० मिलिसेकंद, लिहून झालं की आधी फ्लश (लिहिलेलं शीटवर लगेच उतरवणं), मग कुलूप सोडायला रिलीजलॉक. फ्लश विसरलात तर लॉक असून नसल्यासारखं.

स्टेटस फॉर्म्युल्यावरच ठेवायचा असेल तर ट्रिगरचं काम त्याला डेटा पुरवणाऱ्या टॅबवरच्या एडिटशी जोडा. तेही जमत नसेल तर दर ५ मिनिटांचा टाइम ट्रिगर लावा आणि ‘मेल गेला’ असा वेगळा रकाना ठेवा, नाहीतर तोच मेल दर ५ मिनिटांनी जाईल. साध्या जीमेल खात्याला स्क्रिप्टमधून दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतो, हेही धरा. ऑनचेंज या दुसऱ्या ट्रिगरच्या मागे लागू नका. ओळ घातली, रकाना काढला एवढं ते सांगतं, पण कुठला सेल ते नाही.

पायथनचं म्हणाल, तर एपीआयमधून (बाहेरच्या प्रोग्रामने शीटमध्ये लिहायचा मार्ग) लिहिलेल्या बदलालाही ऑनएडिट चालत नाही. पायथनने शीट भरली तर मेलही पायथनमधूनच पाठवावा लागेल. बाहेर सर्व्हर चालू ठेवायची तयारी असेल तर खुशाल जा.