बाण माशाच्या पाठीवरून का जातो?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतो. गेल्या जूनमध्ये आम्ही त्याच्याकडे गेलो असताना तो आम्हांला लेक ह्यूरनच्या सॅजिनॉ बे या उपसागरावर घेऊन गेला. तेथे त्याचे मित्र सपाट बुडाच्या बोटीत उभे राहून धनुष्यबाणाने कार्प मासे मारत होते. मीही सहा-सात बाण सोडले, परंतु मासा स्पष्ट दिसत असूनही प्रत्येक बाण त्याच्या पाठीवरून गेला. माझे काय चुकले? शिवाय मारलेले मासे कोणी घरी नेले नाहीत, ते एका शेतकऱ्याला खतासाठी दिले. हे कायद्याला धरून आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपला हात चुकला नाही, ज्या जागी आपण नेम धरला, त्या जागी मासा नव्हता. माशाकडून येणारा प्रकाश पाण्याबाहेर पडताना वाकतो, त्यामुळे मासा आहे त्यापेक्षा वर दिसतो. मत्स्यवेध म्हटले की आपल्याला पाण्यात पाहून वर बाण सोडणारा अर्जुन आठवतो. पण त्याच्यापुढे प्रश्न परावर्तनाचा होता आणि आपल्यापुढे अपवर्तनाचा. मासा 1 मीटर खोल असेल आणि आपली नजर पाण्याशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर नजरेच्या रेषेत सोडलेला बाण माशाच्या सुमारे अर्धा मीटर वरून जातो. अगदी डोक्यावरून खाली पाहिल्यास मासा उथळ भासतो खरा, पण दिशा बदलत नाही. म्हणून जाणकार मंडळी मासा बोटीजवळ येऊ देतात, पृष्ठभागावरची चकाकी घालवणारा पोलराइज्ड चष्मा लावतात आणि पोटाच्याही बरेच खाली नेम धरतात. सुरुवातीला हे मनाला पटतच नाही, कारण आपण जणू मासा सोडून चिखलावर बाण टाकत असतो.

आपल्या हातातला बाणही आपण नीट पाहिला असेल. तो फायबरग्लासचा, जड आणि बिनपिसांचा असतो, टोकाला मासा निसटू नये म्हणून उलटे काटे असतात आणि त्याची जाड दोरी धनुष्यावरच्या रिळात गुंडाळलेली असते. ही दोरी बाणाच्या मागच्या टोकाला कायमची गाठ मारून बांधणे धोक्याचे आहे, कारण ती प्रत्यंचेत अडकली तर बाण उलटून मारणाऱ्याच्याच अंगावर येऊ शकतो. यासाठी बाणावर पुढेमागे सरकणारी एक कडी बसवतात व दोरी तिला बांधतात. पुढच्या वेळी धनुष्य हातात घेण्यापूर्वी ती कडी पुढच्या बाजूला आहे ना, हे आधी पाहावे.

या खेळाला सॅजिनॉ बे सोयीचा ठरतो तो उथळपणामुळे. आतल्या भागाची सरासरी खोली जेमतेम साडेचार-पाच मीटर आहे, आणि वसंताच्या अखेरीस पाणी तापले की कार्प अंडी घालण्यासाठी किनाऱ्यालगतच्या गवतात, गुडघाभर पाण्यात पाठ बाहेर काढून घुसळण करतात. मात्र सारा खेळ वाऱ्यावर अवलंबून असतो. नैऋत्येचा जोरदार वारा सुटला की उपसागरातले पाणी मुख्य सरोवराकडे ढकलले जाते व सकाळी बोट चालली तेथे दुपारी चिखल उघडा पडतो. ईशान्येचा वारा पाणी परत आणतो, पण ते इतके गढूळ की काहीच दिसत नाही.

आता कायद्याविषयी. मिशिगनमध्ये कार्प धनुष्याने मारण्यास परवानगी आहे, परंतु 17 वर्षे व त्यावरील वयाच्या प्रत्येकाकडे, म्हणजे आपल्यासारख्या पाहुण्याकडेही, मासेमारीचा परवाना हवा. वॉलाय, बास यांसारख्या माशांवर बाण चालवता येत नाही. गळाला लागलेला मासा सोडून देता येतो, बाण लागलेला मासा जगत नाही. म्हणून ओळख पटल्याशिवाय प्रत्यंचा सोडू नये, हा नियम मी कायद्याच्याही वर ठेवीन. कार्प हा तेथला मूळचा मासा नव्हे. सरकारी मत्स्य आयोगाने 1877 साली तो जर्मनीहून आणवून देशभर पसरवला. पण त्याच गवतात फिरणारे बोफिन आणि लांब चोचीचे गार हे मासे तेथले मूळ रहिवासी आहेत, आणि रात्री दिव्यांच्या उजेडात केवळ 'मोठा मासा दिसला' म्हणून तेही मारले जातात, हे मला खटकते.

मेलेले मासे किनाऱ्यावर टाकून जाणे बेकायदा आहे, त्यामुळे ते खताला देणे योग्यच होते. आपल्या धरणांत 'सायप्रिनस' म्हणून मिळतो तोच हा मासा असल्याने तो वाया गेला असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण सॅजिनॉ नदीच्या गाळात पूर्वीच्या कारखान्यांची पीसीबी आणि डायॉक्सिन ही विषारी रसायने साठलेली आहेत. तळाशी चरणाऱ्या, चरबीदार कार्पमध्ये ती साचतात आणि म्हणून राज्याचा आरोग्य विभाग या उपसागरातले कार्प खाऊ नका असे सांगतो. जेवणासाठी मासा हवा असेल, तर मुलाला धनुष्य घरी ठेवून यलो पर्चसाठी गळ टाकायला सांगावे आणि किती खावा, हे त्याच विभागाच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे.