पिंगमध्ये ‘अनरीचेबल’ आणि ‘टीटीएल एक्स्पायर्ड’ येतं, म्हणजे नक्की बिघाड कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातल्या प्रिंटरला पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारी कमांड) केलं की ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ येतं, तरी खाली लॉस (हरवलेली पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे) शून्य टक्के. दुसऱ्या शाखेच्या सर्व्हरला पिंग केलं की बहुतेक वेळा ‘टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट’, मध्येच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. तर टीटीएल (‘टाइम टू लिव्ह’, प्रत्येक पॅकेटवर लिहिलेला आकडा) वाढवून पॅकेटला जास्त वेळ जगवता येईल का?

वाढवता येईल, उपयोग शून्य. का ते सांगतो, पण आधी एक सवय लावून घ्या. मेसेज काय आहे हे वाचण्याआधी तो कुणी पाठवलाय ते वाचा. ‘रिप्लाय फ्रॉम’च्या पुढचा पत्ता आपण सगळेच डोळ्यांआड करतो, आणि खरी माहिती तिथेच असते.

तुमच्या प्रिंटरचंच बघा. प्रिंटर आहे १९२.१६८.१.५० वर, पण ओळ आहे ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.१५: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. हा १५ कोण? तुमचाच लॅपटॉप! एकाच नेटवर्कमधल्या यंत्राकडे पॅकेट पाठवायचं तर आधी त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) लागतो. लॅपटॉपने ‘५० नंबर कोण आहे?’ अशी एआरपीची (आयपीवरून मॅक पत्ता शोधायची पद्धत) हाळी दिली, कुणी ओ दिली नाही, म्हणून तो स्वतःच तुम्हाला ‘सापडत नाही’ म्हणतोय. पिंगचं पॅकेट केबलवर गेलेलंच नाही. म्हणजे प्रिंटर बंद आहे, केबल निघाली आहे, किंवा त्याचा आयपी बदलला आहे. राउटरला हात लावू नका.

आणि तो शून्य टक्के लॉस? विंडोज कुठलंही उत्तर आलं की ‘रिसीव्ह्ड’मध्ये मोजतं, मग ते उत्तर नकाराचं का असेना. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी ही शेवटची ओळ वाचून साहेबांना ‘लिंक एकदम ओके’ असं सांगून टाकलं होतं. तिकडे लिंक सकाळपासून मेलेली. तेव्हापासून मी बेरीज वाचत नाही, ओळी वाचतो.

‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’मध्ये पाठवणाराच नसतो. विंडोज चार सेकंद थांबलं, काही आलं नाही, एवढंच. पिंग हा प्रोग्रॅम माईक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. पण समुद्रात प्रतिध्वनी आला नाही तर समोर काही नाही असं धरता येतं, नेटवर्कमध्ये तसं धरता येत नाही. समोरचा फायरवॉल पिंग गिळत असेल. किंवा तुमचं पॅकेट नीट पोचलं आणि उत्तराला परतीची वाट मिळाली नाही, असंही होतं, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पिंग गप्प असेल आणि सर्व्हरचं वेबपेज किंवा रिमोट डेस्कटॉप उघडत असेल, तर पिंगचं ऐकू नका.

आता टीटीएल. नावात ‘टाइम’ आहे म्हणून तुम्ही मिलिसेकंद धरलेत. चूक तुमची नाही. १९८१ च्या मूळ मानकात तो खरंच सेकंदांत धरला होता, पण प्रत्येक राउटरने किमान एक वजा करायचाच असा नियम होता, आणि प्रत्यक्षात राहिलं तेवढंच. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) मध्ये त्याचं नाव सरळ ‘हॉप लिमिट’, म्हणजे किती राउटर ओलांडायचे याची मर्यादा, असं केलं. विंडोजचं पॅकेट १२८ घेऊन निघतं, लिनक्सचं ६४. प्रत्येक राउटर एक कमी करतो आणि ज्याच्या हातात शून्य होतो तो पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो. करून बघायचं असेल तर विंडोजवर पिंगला ‘मायनस आय १’ लावून ८.८.८.८ ला मारा. उत्तर तुमच्या घरच्या राउटरकडून येईल: टीटीएल एक्स्पायर्ड.

(चांगल्या उत्तरात जो टीटीएल दिसतो तो मात्र परत आलेल्या पॅकेटचा असतो. ५४ दिसला तर बहुधा ६४ ने सुरुवात झाली आणि परतीच्या वाटेवर दहा राउटर लागले. जातानाची वाट वेगळी असू शकते.)

तुमच्या आणि शाखेच्या मध्ये १२८ राउटर आहेत का? शक्यच नाही. म्हणजे पॅकेट गोल फिरतंय. ट्रेसआरटी (वाटेतले राउटर क्रमाने दाखवणारी विंडोजची कमांड) चालवा. दोनच पत्ते आळीपाळीने येताना दिसतील: तुमचा, त्यांचा, तुमचा, त्यांचा. माझ्या अनुभवात याचं नेहमीचं कारण असं: तुमच्या राउटरला सांगून ठेवलंय की शाखेचं नेटवर्क शाखेच्या राउटरपलीकडे आहे. शाखेच्या राउटरचा आतला पोर्ट बंद पडला की त्याच्या टेबलातून (कुठलं नेटवर्क कुठे आहे याच्या यादीतून) ते नेटवर्क गायब होतं. मग त्याच्याकडे उरतो डीफॉल्ट रूट (माहीत नसलेलं सगळं जिकडे पाठवायचं ती वाट), आणि तो बोट दाखवतो तुमच्याकडे. तुम्ही म्हणता त्यांचं, ते म्हणतात तुमचं. एक पॅकेट ती लिंक सव्वाशेच्या आसपास वेळा ओलांडतं आणि मरतं. टीटीएल २५५ केलात तर दुप्पट वेळा ओलांडेल, बस. मध्येच ‘टाइम्ड आउट’ दिसतं त्याचं कारण बहुधा हे की राउटर अशा तक्रारी सेकंदाला ठरावीकच पाठवतात, बाकीच्या वेळी गप्प बसतात.

तेव्हा शाखेत फोन करून विचारा, राउटरपासून स्विचला गेलेल्या केबलचा दिवा लागलाय का. दहापैकी आठ वेळा कुणीतरी साफसफाई करताना ती काढलेली असते. आणि कायमचा उपाय म्हणून शाखेच्या राउटरवर त्यांच्याच नेटवर्कसाठी एक नल रूट (पॅकेट टाकून द्यायला सांगणारी नोंद) टाकून घ्या. पोर्ट चालू असेल तेव्हा तो आड येत नाही, आणि बंद पडला की पॅकेट तिथेच संपतं, परत फिरत नाही. मग तुम्हाला बहुधा पुन्हा ‘अनरीचेबल’च दिसेल, पण या वेळी पत्ता शाखेच्या राउटरचा असेल.